रागाने उपसलेलं तळं

मला बागेची हौस कधीच नव्हती. अंगणातलं तळं मी दुरुस्त केलं ते दिराला तिथे टेम्पो उभे करता येऊ नयेत म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण आता घरी येणारे लोक पाण्यावरची पांढरी फुलं बघतात आणि म्हणतात, बाई, तुमचा स्वभाव किती शांत असेल. माझा स्वभाव शांत नाही. कधीच नव्हता.

आमचं घर भिवंडीजवळच्या वळ गावात. सासऱ्यांनी भाताची जमीन गोदामाला दिली तेव्हा दोन मजली बंगला बांधला आणि पुढच्या अंगणात सिमेंटचं तळं करून घेतलं. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, मांडीएवढं खोल. मधोमध एक सिमेंटचा बगळा, त्याच्या चोचीतून पाणी उडायचं. सासरे संध्याकाळी खुर्ची टाकून तिथे बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बगळा दाखवत. वर्षभरात पंप जळला. पुढे सासरे गेले, आणि तळ्याकडे बघणारं कोणी उरलं नाही.

खाली दीर आणि जाऊ, त्यांची दोन मुलं. वर मी. माझा नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मुलगी पुण्यात नोकरी करते. अंगण दोघांचं. पण नवरा गेल्यापासून अंगणातलं काहीही मला विचारून झालं नाही. फाटकाला हिरवा रंग लागला, मला विचारलं नाही. आंबा तोडला, मी शाळेतून आले तर खोडाच्या चकत्या पडलेल्या. त्या घरात विचारायचं असतं ते पुरुषाला, आणि वरच्या मजल्यावर आता पुरुष नव्हता.

मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात एका सकाळी जिना उतरत होते. दीर टेम्पो धुत होता. मान वर न करता म्हणाला, "वयनी, सोमवारी डंपर येतोय. तो खड्डा भरून घेतो. दोन टेम्पो आरामात उभे राहतील."

"कुठला खड्डा?"

"तो काय, मच्छरांचा."

"ते तळं आहे."

तो हसला. "कवा होतं?"

"मी ते चालू करणार आहे," मी म्हणाले. वाक्य बाहेर पडेपर्यंत मलाही माहीत नव्हतं की मी असं काही म्हणणार आहे.

"तू?" त्याने पाण्याचा पाईप खाली टाकला. "बरं, कर. पाऊस लागायच्या आधी कर. न्हाय झालं तर मी भरणार, मंग बोलायचं न्हाय."

जाऊ दारातून ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "मच्छर वाढले आणि माझी पोरं आजारी पडली, तर बघा हां ताई."

माझी सुरुवातच चुकीची झाली. भाड्याने पंप आणला, पाईपचं तोंड आंब्याच्या खुंटाशी ठेवलं आणि बटण दाबलं. अंगणाचा उतार कुठे आहे हे तीस वर्षं त्या घरात राहून मला माहीत नव्हतं. तो जावेच्या स्वयंपाकघराकडे होता. काळं, कुजक्या अंड्याच्या वासाचं पाणी तिच्या दाराखालून आत गेलं. तिने मागच्या पडवीत तांदळाच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. जुन्या चादरीवर, ओळीने, दोन दिवसांचं काम. पाणी त्या चादरीवरून गेलं.

ती खराटा घेऊन बाहेर आली. "मुद्दाम केलंत तुम्ही."

मी माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "उतार तुमच्याकडे आहे, त्याला मी काय करू?"

त्या दिवसापासून तिने माझं नाव टाकलं. माझ्याबद्दल बोलायचं झालं तर "वरची" म्हणायची.

तळ्याच्या बुडाशी काय नव्हतं! गोदामातल्या खोक्यांच्या निळ्या पट्ट्या, थर्माकोल, लूमवरच्या सुताचे प्लास्टिकचे कोन, एक चप्पल, सुताचा असा गुंता की ओढला की अख्खा गाळ हलायचा. मी हातांना पिशव्या बांधून घमेल्याने ते वर काढत होते. कंबर धरायची. तिसऱ्या दिवशी घमेलं कशावर तरी आपटलं. हाताने चाचपलं तर गोल पाठ लागली, मग एक हात. गणपती होता. टाळेबंदीत घाटावर जायची बंदी होती तेव्हा आम्ही घरचा गणपती त्याच तळ्यात सोडला होता. प्लास्टरची मूर्ती, ती कसली विरघळते. रंग गेला होता, सोंड गेली होती, बाकी तो तसाच बसला होता.

जावेने खिडकीतून बघितलं. "देवाला कचऱ्यात काढलं हो!" तिचा आवाज नाक्यापर्यंत गेला असेल.

मी मूर्ती धुतली आणि पाटावर सावलीत ठेवली. पुढचे तीन दिवस जाऊ रोज सकाळी त्या अर्ध्या मूर्तीला फुलं वाहायची आणि माझ्या खिडकीकडे तोंड करून घंटा वाजवायची. तिची देवभक्ती खरी आहे, मी ते नाकारत नाही. पण ती घंटा माझ्यासाठी होती. चौथ्या दिवशी मी मूर्ती कोऱ्या कापडात गुंडाळली, रिक्षा केली आणि खारबावच्या बाजूला खाडीवर नेऊन सोडली. चौथीच्या वर्गाला पाण्याचं प्रदूषण शिकवणारी मी. रिक्षावाल्याने हात जोडले, मी जोडले नाहीत.

परत आल्यावर जावेने विचारलं, "आरती केली?"

"केली," मी खोटं बोलले.

तळ कोरडा झाल्यावर बगळ्याच्या पायापासून कोपऱ्यापर्यंत बोट जाईल एवढी भेग दिसली. बगळ्याला हात लावला तर तो सळईसकट माझ्या अंगावर आला. मी तो फाटकाबाहेर टाकला. तासाभराने बघते तर दिराने तो उचलून आपल्या दारापाशी उभा केला होता, तोंड माझ्या जिन्याकडे.

शेजारच्या गोदामाच्या बांधकामावरचा गवंडी एका रविवारी आला. त्याने भेग फोडून रुंद केली, भरली, सगळ्या तळाला नवा गिलावा दिला. जाताना म्हणाला, "टीचर, अभी मछली मत डालना. पानी भरो, पाँच दिन रखो, निकाल दो. फिर भरो, फिर निकालो. तीन-चार बार. सिमेंट अपनी गरमी छोड़ता है."

मी मान हलवली. शाळेत मुलं जशी मान हलवतात तशी.

मग दीर एका माणसाला घेऊन आला. दोघं अंगणात टेप धरून माप घेऊ लागले. तळ्याच्या काठावरून टेप नेताना दिराने पाय माझ्या ओल्या गिलाव्यावर ठेवला. त्याचा ठसा अजून आहे. मला ते सहन झालं नाही. चौथ्याच दिवशी मी पाणी भरलं, भिवंडीत गेले, पहिल्या दिसलेल्या दुकानातून वीस सोनमासे आणले आणि सोडून दिले. तासभर ते इकडून तिकडे फिरले. मी सासऱ्यांसारखी खुर्ची टाकून बसले. दिराच्या खिडकीसमोर, मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीसच्या वीस उलटे तरंगत होते. त्यांच्या अंगावर पांढरट साय आली होती.

काठाजवळ टेम्पो धुवायच्या साबणाचा डबा पडलेला होता. मी तो उचलला आणि तशीच फाटकाकडे गेले. दीर गावातल्या दोन माणसांशी बोलत उभा होता.

"काय टाकलंस तळ्यात?"

"कोण? मी?"

"हा डबा कुणाचा आहे? मासे मारलेस तू. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून मुक्या जिवांना विष घातलंस."

तो पांढरा पडला. ती दोन माणसं खाली बघायला लागली. "वयनी, भावाची शपथ घेऊन सांगतो..."

"भावाचं नाव घेऊ नकोस."

"मासे मारायचे असते तर जालं टाकलं असतं," तो हळू म्हणाला. "आम्ही मासे मारणारी माणसं हाव, विष घालणारी न्हाय." आणि आत निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला.

मी जिंकल्यासारखी वर आले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी परत मासे आणायला गेले. आधीचं दुकान बंद होतं. कोणीतरी पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. दोन्ही बाजूंना लूमचा खडखडाट, मध्ये काचेच्या टाक्यांचं अरुंद दुकान. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीचे, मराठी माझ्याइतकंच सहज. बशीतून चहा पीत होते. मी वीस मासे मागितले.

"कुठं सोडणार?"

"तळ्यात. आधीचे मेले. घरच्यांनी विष घातलं."

"तळं कशाचं?"

"सिमेंटचं. नुकतंच दुरुस्त केलं."

"नुकतंच म्हणजे कधी?"

मी दिवस सांगितला. त्यांनी बशी खाली ठेवली. "आणि मासे कधी टाकले?"

तेही सांगितलं.

"मग इथं कशाला आलात? कबुली द्यायला?" ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला क्षणभर कळलंच नाही. "बाई, ते मासे तुम्ही मारले. ओल्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. भाजून मेले ते. घरच्यांना कशाला नाव ठेवता?"

"मला वीस मासे द्या. पैसे देते."

"नाही देणार. पैसे सगळेच देतात. तळं रिकामं करा, व्हिनेगरनं घासा, पाणी भरा, उपसा, परत भरा. मग बाटलीत पाणी घेऊन या. पाणी दाखवा, मासे नंतर."

एवढं बोलून त्यांनी बशी उचलली. माझ्याकडे परत बघितलंही नाही.

रिक्षात बसल्यावर मला गवंड्याचे शब्द आठवले. म्हणजे मला आधीच सांगितलं होतं. घरी आले तेव्हा दीर अंगणात टायर बदलत होता. त्याच्यापासून चार हातांवरून गेले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशीही नाही. गावातल्या किराणा दुकानात भेटलेल्या बायका विचारायच्या, दिरानेच मारले ना हो? मी गप्प राहायची. गप्प राहिलं की लोक हो समजतात, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्यानंतरचे दोन महिने मला आठवतात ते गुडघ्यांच्या दुखण्यामुळे. भरायचं, ठेवायचं, उपसायचं, घासायचं. व्हिनेगरच्या वासाने डोळे झोंबायचे. बाटली घेऊन भिवंडीला जायचं. ते म्हातारबुवा पाण्यात चुना ओळखायच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, पाणी जांभळं व्हायचं, ते बाटली परत द्यायचे. "जांभळं. या आता." एक शब्द जास्त नाही. तिसऱ्या वेळी मी दुकानातच भडकले, म्हणाले, तुम्हाला धंदा करायचा आहे की नाही? ते म्हणाले, "करायचा आहे. खाटकाचा नाही."

मध्येच ऊन वाढलं आणि पाणी हिरवं झालं, वाटलेल्या कोथिंबिरीसारखं. मासे नाहीत, त्यामुळे डासांची अंडी. जाऊ एके सकाळी स्टीलचा पेला घेऊन जिना चढून वर आली आणि माझ्या ओट्यावर ठेवला. आत बारीक अळ्या वळवळत होत्या.

"हे तुमचं तळं," ती म्हणाली. "प्या."

मला त्या तळ्याचा इतका राग यायचा की कधी वाटायचं, दिराला स्वतः सांगावं, भरून टाक एकदाचं. पण मग त्याच्या दारातला बगळा दिसायचा आणि मी परत खराटा उचलायची.

मे संपता संपता एका सकाळी फाटकात डंपर उभा राहिला. लाल मुरूम, शिगोशीग. मी खिडकीतून बघितलं आणि चप्पल न घालता खाली धावले. डंपर मागे येत होता. मी साडी खोचली आणि तळ्यात उतरले. गुडघ्याएवढ्या हिरव्या पाण्यात मधोमध उभी राहिले.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. "सेठ, अंदर लेडीज है."

"बाहेर ये, वयनी," दीर म्हणाला. किती आठवड्यांनी बोलला होता.

"नाही. टाक माझ्या अंगावर."

फाटकाशी माणसं जमली. जाऊ पडवीत आली. मी बोलायला लागले ती थांबेना. फाटकाचा रंग, आंबा, माझा नवरा गेल्यावर मी या घरात भाडेकरू झाले का, सगळं. माझा आवाज फाटला होता.

त्याने ऐकून घेतलं. मग तो काठावर आला. "झालं? आता माझं ऐक. तू वरून खाली कवा बघितलंस? आम्ही गावंढल, आमची भाषा वाईट. भाऊ गेला, तेरावा झाला, त्यानंतर एक दिवस तू खाली जेवायला आली न्हाय. हिने ताट वाढून वर पाठवलं, तू झाकून परत पाठवलंस. विचारू कुणाला? बंद दाराला? आणि गावासमोर मला विष घालणारा केलंस."

शेवाळावर माझे पाय घसरत होते. मी म्हणाले, "मासे मी मारले. सिमेंट ओलं होतं. तू काही टाकलं नव्हतंस."

"माहीत हाय."

"काय?"

"मासे मेल्यावर तिसऱ्याच दिवशी गवंड्याने मला सांगितलं. तेव्हापासून बघतोय, तू कवा सांगतंस."

"आता सांगितलं ना."

"आता?" त्याने फाटकाकडच्या माणसांकडे बघितलं. "डंपर आल्यावर? मुरूम डोक्यावर आल्यावर?"

मी पाण्यातून हलले नाही.

त्याने ड्रायव्हरला हाताने खूण केली. डंपर फिरला आणि सगळा मुरूम माझ्या जिन्यासमोर ओतून गेला. दीर आत गेला. तळं भरलं नाही, पण पावसाळाभर मी त्या ढिगाला वळसा घालून लाल चिखलातून वर चढत होते. मग त्याने तो ढीग अंगणाच्या दुसऱ्या बाजूला पसरून तिथे टेम्पो लावले. त्या बाजूला जावेची वांगी आणि अळू होतं. ते मुरुमाखाली गेलं. त्याचाही राग तिने माझ्यावरच काढला, आणि हिशेब लावला तर तिचं खरं होतं.

पावसाने तळं धुऊन निघालं. ऑगस्टमध्ये बाटलीतलं पाणी पहिल्यांदा जांभळं न होता हिरवट पिवळं झालं. दुकानातल्या म्हातारबुवांनी दोनदा थेंब टाकून बघितले. मग एका पिशवीत बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे दिले, दुसऱ्या पिशवीत कुमुदिनीचा चिखलात गुंडाळलेला कंद. "हे डास खातात. शोभेचे मागू नका. आणि मेले तर परत येऊ नका."

मेले नाहीत. दिवाळीनंतर गप्पी इतके झाले की सावली पडली की अख्खं पाणी दचकायचं. पहिलं फूल पांढरं आलं. मला आनंद झाला का? झाला. पण तो दाखवायला माझ्याजवळ कोणी नव्हतं, म्हणून मी फोटो काढून मुलीला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

पुढच्या मे महिन्यात मी आठ दिवस तिच्याकडे गेले. कुणालाही सांगून गेले नाही. परत आले तेव्हा भर दुपार होती. तळं काठोकाठ भरलेलं, आणि पाण्यावर मेलेले गप्पी, तांदूळ सांडल्यासारखे. जाऊ काठावर उकिडवी बसून चहाच्या गाळणीने ते वेचत होती.

माझ्या छातीत जुना जाळ उठला. मी बॅग खाली ठेवली. तोंडाशी आलेलं वाक्य कोणतं होतं ते लिहीत नाही.

तिने मान वर केली नाही. "आटलं होतं. तळाचा चिखल दिसायला लागला होता. नळाचा पाईप लावला सकाळ-संध्याकाळ. मासे मेले की मच्छर होतील म्हणून. दुसरं काही न्हाय."

पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. उन्हाळ्यात आमच्या नळाला येतोच. मी म्हणाले, "नळाचं पाणी थेट टाकायचं नसतं. दोन दिवस उघड्यावर ठेवायचं, मग टाकायचं."

"मग जाताना सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तुम्ही बोलता कुठं?" ती म्हणाली. गाळणीतले मासे तिने बाजूच्या ताटलीत झटकले. "पानांखाली बघा. तिथं हायत अजून."

मी वाकले. कुमुदिनीच्या पानांखाली खरंच दहा-बारा होते, एकमेकांना चिकटून, तोंड वर करून. मी वर जाऊन माझी गाळणी आणली आणि दुसऱ्या टोकाला बसले. अर्धा तास आम्ही दोघी वेचत होतो. मेलेले मासे तिने भिंतीलगतच्या नव्या वांग्यांच्या आळ्यात पुरले.

दीर माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतो, तेही मुलांमार्फत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरले तर तळ्याच्या काठाला निळा ड्रम उभा होता, नळाच्या पाण्याने भरलेला. जाऊ पडवीत भांडी घासत होती.

"याला झाकण हवं," मी म्हणाले. "नाहीतर यातच डास होतील. जाळीचं."

"ते तुम्ही आणा," ती म्हणाली. "सगळं मीच करू काय?"